नाशिक किती अक्षरी

मुलगी दारातूनच म्हणाली,
टायपिंग नको मॅडम, पायथन शिकवता का?
मी म्हटलं, हो. सोमवारपासून.
दोनशे रुपये आगाऊ घेतलेसुद्धा.
तो गुरुवार होता, आणि पायथन म्हणजे अजगर
यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

जेल रोडला पिठाच्या गिरणीवर माझी संस्था.
कव्हरं घातलेली अकरा मशिनं,
आणि एक संगणक, देवळाली गावच्या ओवेसने
दोन मेलेल्यांचे भाग जोडून उभा केलेला.
खाली दळण पडतं, वर पंख्याची पाती पांढरी होतात.

बसवणं मला नवं नाही.
गणपती बसवलाय, घट बसवलेत,
तुटलेली वेलांटी डाक देऊन
मशिनच्या दांडीवर पुन्हा बसवलीय.
पण भाषा बसवायची
तर पाट कुठे मांडायचा?

शुक्रवारी उतरवायला घेतली.
त्र्याऐंशी टक्क्यांवर बिटकोपाशी जेसीबीने केबल तोडली.
शनिवारी रात्री परत.
हिरवी पट्टी सरकत गेली, पुढे, पुढे, मान्य, मान्य,
सगळं वाचत गेले मी, वाचणं हाच धंदा,
तरी सगळ्यात खालची
बारीक रिकामी चौकट राहिलीच.

काळ्या खिडकीत तिचं नाव लिहिलं.
खिडकी म्हणाली, या नावाचं इथे कुणी नाही.
अगं, नाही कसं?
आत्ता माझ्या देखत आली ना!

ओवेस जेवत होता.
"बिऱ्हाड आलंय मॅडम, पण पोस्टमनला पत्ता कुठे दिलात?
पाथमध्ये टाका."
टाकला. सी, मग यूजर्स, मग कुमुदिनी,
मग आत, अजून आत, तिरक्या रेघांच्या पायऱ्यांनी,
शेवटी अर्धविराम.
तरी नाहीच.
खिडकी बंद करून पुन्हा उघडायची असते
हे सांगायला तो विसरला होता.
साडेबारा वाजले त्यात.

मग तीन बाण आले, उजवीकडे तोंड करून,
आणि थांबले.
काय लिहायचं? शाळेची मुलं लिहितात तेच:
आपल्या गावाचं नाव.
छाप, म्हटलं, नाशिक.
तिने छापले पाच चौकोन,
ओळीने पाच, आत काही नाही.

"त्या काळीला देवनागरी दिसत नाही," ओवेस, जांभई देत,
"दुसरी उघडा, पांढरी."
पांढरीत नाशिक नीट उमटलं.
पण ते पाच डोक्यातून जाईनात.
लांबी विचारायचा हुकूम सापडला, विचारली.
पाच.

मी टेबलावर बोटं आपटून पाहिली.
न, काना, आधी वेलांटी,
मग अर्धा श, त्याचा दंड, क.
सहा.
एकोणतीस वर्षं सहाच ठोके.
डोळे म्हणाले तीन. बोटं म्हणाली सहा.
ती म्हणाली पाच, आणि हटेना.

तिच्याकडे वेलांटी श-च्या मागून येते
आणि रेशनच्या रांगेतल्यासारखी
सरळ त्याच्या पुढे जाऊन उभी राहते.
दगडू निरभवणे असंच करायचा.
आधी श, मग घाईने मागे सरकून वेलांटी.
मी चूक धरायची, लाल पेनने.
एका मार्काने राहिला तो.
आता कुठे असेल?

सोमवारी मुलगी आली. श्रावस्ती.
पत्ता, चौकट, बाण, सगळं दाखवलं
जणू माझ्या माहेरचं आहे.
तिने स्वतःचं नाव मोजायला दिलं.
नऊ.
"नऊ? एवढी मोठी आहे मी?"
जोडाक्षरात मोडलेले पाय, म्हटलं,
ही तेही वेगळे मोजते.

ती बोटं धरून पुन्हा मोजू लागली.
खाली गिरणी सुरू झाली, बाण थरथरले.
"उद्या काय शिकवणार मॅडम?"
बघू, म्हटलं.
अजून रात्र आहे माझ्याकडे.